ढेकूण व भुंगेरे

कीटक वर्गातील दोन मोठ्या गणांतील प्राणी. ढेकूण हे हेमिप्टेरा (अर्धपंखी) गणातील, तर भुंगेरे हे कोलिऑप्टेरा (ढालपंखी) गणातील होत. शेतात, घरात किंवा रात्री दिव्यापाशी अपरिचित किडा आढळल्यास तो या दोहोंपैकी एका गणातील असण्याचा संभव बराच असतो. दोन्ही गणांतील पुष्कळ जातींचे अंग टणक, पाठ ढालीसारखी व रंग भडक असल्यामुळे पाहताक्षणी त्यांच्यात गल्लत होते. तथापि त्यांची तोंडे, पंख व वाढीचे टप्पे मुळातच भिन्न असून एक रस शोषणारा व दुसरा कुरतडणारा आहे. त्यामुळे पिकाला होणारी इजा वेगळी असते व तिच्यावरील उपायही वेगळा असतो. येथे दिलेली बहुतेक उदाहरणे मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात नेहमी आढळणाऱ्या कीटकांची आहेत.

नावांचा घोटाळा : बोलीभाषेत ‘ढेकूण’ हा शब्द प्रामुख्याने खाटेत राहून माणसाचे रक्त शोषणाऱ्या किड्यास लावतात. कीटकविज्ञानात त्याच गणातील, वनस्पतींवर किंवा इतर कीटकांवर जगणाऱ्या जातींनाही ढेकूण म्हणतात. रक्त शोषणाऱ्या जाती त्यांत अगदी थोड्या आहेत. ‘भुंगा’ हा शब्द याहून सैल आहे. वाळलेल्या लाकडाला भोके पाडून राहणारी मोठी काळी माशी, हिलाही भुंगा म्हणतात व धान्यातील किड्यालाही. यांपैकी पहिली मधमाशीच्या जवळची असून तिचा भुंगेऱ्यांशी संबंध नाही. कपाशीवरील ‘पांढरी माशी’ ही माशी नसून हेमिप्टेरा गणातील कीटक आहे. मावा, तुडतुडे, खवले कीटक, पिठ्या ढेकूण व लाखेचा किडा हेही त्याच गणातील होत. उलट काजवा, शेणकिडा, धान्यातील सोंडे व हुमणीचा प्रौढ हे सर्व भुंगेरे आहेत. मृग नक्षत्राच्या पहिल्या पावसानंतर रानात दिसणारा मखमली तांबडा ‘मृगाचा किडा’ तर कीटकच नव्हे. त्याला पायांच्या चार जोड्या असून तो कोळ्यांच्या जवळचा कोळी-कीटक (माइट) आहे. सारांश, प्रचलित नाव ओळखीचा आरंभ करून देते, निर्णय देत नाही.

विस्तार व वर्गीकरण : आतापर्यंत वर्णन झालेल्या कीटकांच्या सु. १० लाख जातींपैकी सु. ४ लाख जाती भुंगेऱ्यांच्या असून प्राणिसृष्टीत एवढा मोठा दुसरा गण नाही. हेमिप्टेरा गणात ८० हजारांहून अधिक जाती आहेत. भुंगेऱ्यांचा निराळा गट ॲरिस्टॉटल यांनी ओळखला होता व त्यांनी वापरलेले नाव आजही चालू आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिस्टिमा नॅचुरी या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत दोन्ही गण मांडले. भारतातील ढेकूणवर्गीय कीटकांचे पहिले सविस्तर वर्णन डब्ल्यू. एल्. डिस्टंट यांनी द फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथमालेत १९०२ ते १९१८ या काळात केले. एच्. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा इंडियन इन्सेक्ट लाइफ हा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली.

मुखांगे : या दोन गणांतील सर्वांत विश्वसनीय भेद तोंडाचा आहे. ढेकणाच्या डोक्याला खालच्या बाजूस एक सांधेयुक्त नळी असते. तिला शुंड म्हणतात. शुंडेत चार सुयांसारखे अवयव असून त्यांनी वनस्पतीच्या किंवा प्राण्याच्या ऊतीला (पेशींच्या थराला) छिद्र पाडून लाळ आत सोडली जाते व रस ओढून घेतला जातो. वापरात नसताना ही शुंडा छातीखाली, पायांच्या मधोमध, मागे वळवून ठेवलेली असते. म्हणून किडा उताणा करून पाहिल्यावाचून ती दिसत नाही. भुंगेऱ्याला शुंडा नसते. त्याच्या तोंडाशी आडव्या हालचालीचे दोन बळकट जबडे असून त्यांनी तो चावतो, कुरतडतो व पोखरतो. त्याच्या अळीलाही असेच जबडे असतात.

पंख : ढेकणाच्या पुढच्या पंखाचा बुडाकडील भाग चिवट व अपारदर्शक, तर टोकाकडील भाग पातळ पापुद्र्यासारखा असतो. ‘अर्धपंखी’ हे नाव यावरूनच पडले आहे. मिटलेल्या अवस्थेत हे पातळ भाग एकमेकांवर चढतात, त्यामुळे पाठीच्या मागील टोकाशी फुलीसारखी आकृती दिसते. तिच्या पुढे, दोन पंखांच्या बुडांमध्ये, एक ठळक त्रिकोणी पट्ट असते. भुंगेऱ्याचे पुढचे पंख आरंभापासून शेवटपर्यंत सारखेच कठीण असून ते उडण्याचे मुख्य साधन नसतात. ते खालच्या पातळ पंखांवर व उदरावर झाकणासारखे बसतात व पाठीच्या मध्यावर एका सरळ रेषेत एकमेकांना भिडतात. अपरिचित किड्याच्या पाठीवर मधोमध सरळ शिवण दिसल्यास तो भुंगेरा व फुली दिसल्यास तो ढेकूण, हा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो. तुडतुड्यांसारख्या कीटकांत पुढचे पंख सर्वत्र सारख्याच पोताचे असून ते घराच्या छपरासारखे उतरते धरलेले असतात. त्यांच्या बाबतीत शुंडा पाहणे हाच मार्ग होय.

शृंगिका : डोक्यावरील या सांधेयुक्त स्पर्शेंद्रियांचे वनस्पतींवरील ढेकणांत चार किंवा पाच लांब खंड असतात. भुंगेऱ्यांत त्यांचे खंड बहुधा ११ असून त्यांची टोके गदेसारखी, पंख्यासारखी किंवा करवतीसारखी असू शकतात.

वाढ : ढेकणाच्या अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू लहान, पंखहीन, पण आकाराने साधारणपणे प्रौढासारखेच असते. ते बहुधा पाच वेळा कात टाकते, प्रत्येक वेळी पंखांचे अंकुर वाढत जातात व शेवटी प्रौढ तयार होतो. मध्ये कोशावस्था नसते. पिल्ले व प्रौढ एकाच झाडावर एकच अन्न घेताना एकत्र दिसतात. भुंगेऱ्याच्या अंड्यातून अळी निघते. ती प्रौढाहून सर्वस्वी वेगळी दिसते व पुष्कळदा वेगळ्याच ठिकाणी राहते. पूर्ण वाढ झाल्यावर तिचा कोश होतो व कोशातून भुंगेरा बाहेर पडतो. त्यामुळे एकाच जातीची अळी जमिनीत मुळे खात असताना तिचे प्रौढ झाडावर पाने खाताना आढळतात व शेतकऱ्यास ते दोन निराळे शत्रू वाटतात.

वास : पुष्कळ ढेकणांच्या वक्षात ग्रंथी असून डिवचल्यास त्यांतून उग्र दर्पाचा द्रव बाहेर पडतो. तथापि वासावरून निर्णय करू नये. ढालकिड्यासारखे भुंगेरेही पायांच्या सांध्यांतून कडवट पिवळा द्रव सोडतात.

इजेवरून ओळख : किडा हाती लागला नाही तरी त्याने केलेली इजा त्याच्या तोंडाचा प्रकार सांगते. पानावर पिवळे ठिपके पडणे, कडा मुरडणे, पान लाल होऊन वाळणे, शेंगेतील दाणे सुरकुतणे, पानावर चिकट गोड द्रव व त्यावर काळी बुरशी वाढणे ही शोषण करणाऱ्या कीटकाची लक्षणे होत. अशा पानाला भोक नसते. पानाला भोके पडणे, शिरा ठेवून मधला भाग खाल्ला जाणे, खोड पोखरले जाणे, मुळे कुरतडली जाणे, भुकटी किंवा विष्ठा पडलेली दिसणे ही कुरतडणाऱ्या कीटकाची लक्षणे होत. मात्र भोके पाडणारा प्रत्येक कीटक भुंगेरा नसतो. पतंगांच्या अळ्या व टोळ हेही पाने कुरतडतात.

बीड जिल्ह्यातील ढेकूण : गोदावरीच्या दक्षिणेस पसरलेल्या व बालाघाटच्या डोंगररांगांनी विभागलेल्या या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर, बाजरी, ज्वारी, हरभरा व ऊस ही पिके होतात. कपाशीवरील तांबडा ढेकूण हे या गणाचे सर्वांच्या पाहण्यातले उदाहरण होय. याचे शास्त्रीय नाव डिस्डर्कस कोनिगाय असे आहे. त्याची लांबी १२ ते १५ मिमी. असून रंग तांबडा, डोक्यामागे पांढरी पट्टी व प्रत्येक पुढच्या पंखावर एक काळा ठिपका असतो. उदराच्या खालच्या बाजूस पांढरे आडवे पट्टे असतात. मादी ओलसर जमिनीत अंडी घालते. पिल्ले व प्रौढ उमललेल्या बोंडांवर थव्याने बसून सरकीतील रस शोषतात. त्यामुळे सरकी हलकी होते व रुईवर डाग पडतात. भेंडी व अंबाडी यांवरही तो राहतो. त्याच्याशी दिसण्यात साम्य असलेला व त्याच्याच कुलातील ॲन्टिलोकस कोकबर्टी हा ढेकूण मात्र तांबड्या ढेकणांनाच खातो. कपाशीच्या उमललेल्या बोंडांत ४ ते ५ मिमी. लांबीचे करड्या रंगाचे ढेकूणही आढळतात.

तुरीच्या शेंगांवर करड्या-तपकिरी रंगाचा, खांद्यांवर काटे असलेला ढेकूण येतो. याचे नाव क्लॅव्हिग्रॅला गिबोसा असून त्याने रस शोषलेल्या शेंगेतील दाणे सुरकुततात. शेंग बाहेरून धड दिसत असल्यामुळे नुकसान मळणीनंतरच ध्यानात येते. सोयाबीन व तूर यांवर हिरवा ढेकूण, तर मोहरीवर नारिंगी ठिपक्यांचा रंगीत ढेकूण आढळतो.

बालाघाटच्या हलक्या, मुरमाड जमिनीत सीताफळाची झाडे मोठ्या प्रमाणावर आहेत. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्र हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे आहे. सीताफळाचा प्रमुख शत्रू पिठ्या ढेकूण होय. फळाच्या डोळ्यांमधील खाचांत तो वसाहत करतो. मादी पंखहीन, मऊ, लंबगोल, ३ ते ४ मिमी. लांब व पिठासारख्या मेणचट थराने झाकलेली असते. तिला पाहून हा ढेकूण असेल असे कोणासही वाटत नाही. ती बाहेर टाकीत असलेल्या गोड द्रवासाठी मुंग्या तिच्या वसाहतीभोवती जमतात व तिच्या शत्रूंना हुसकून लावतात. कपाशीवरील पिठ्या ढेकूण, फेनॅकॉकस सोलेनॉप्सिस, हा मूळचा उत्तर अमेरिकेतील असून २००६-०७ च्या सुमारास भारतातील कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांत त्याने मोठा उपद्रव केला.

बीड जिल्ह्यातील भुंगेरे : उसाचा व भुईमुगाचा शत्रू असलेली हुमणी ही भुंगेऱ्याची अळी होय. होलोट्रिकिया सेराटा या जातीचे तपकिरी प्रौढ पहिल्या वळवाच्या किंवा मोसमी पावसानंतर तिन्हीसांजेस जमिनीतून बाहेर पडतात व कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पाने खातात. अळी पांढरी, जाड व अर्धवर्तुळाकार वळलेली असून ती मुळे कुरतडते. वर्षातून या जातीची एकच पिढी होते. म्हणून प्रौढ बाहेर पडण्याच्या थोड्या दिवसांत गावाने मिळून झाडे हलवून किंवा प्रकाश सापळे लावून ते गोळा केल्यास पुढील हंगामाचे नुकसान टळते. एकट्यादुकट्या शेतकऱ्याने केलेल्या उपायाचा उपयोग थोडा होतो, कारण शेजारच्या रानातून प्रौढ पुन्हा येतात.

सोयाबीनवरील चक्रीभुंगा हा लांब शृंगिकांचा सडपातळ भुंगेरा आहे. मादी खोडावर किंवा पानाच्या देठावर दोन समांतर चकत्या पाडते व त्यांच्यामध्ये अंडे घालते. वरचा भाग सुकून लोंबतो व अळी खोड पोखरीत खाली जाते. बाजरीच्या कणसावर व तुरीच्या फुलांवर येणारे हिंगे हेही भुंगेरेच. त्यांपैकी मायलॅब्रिस पस्ट्युलाटा या जातीच्या काळ्या पंखांवर तांबडे-नारिंगी पट्टे असतात. हिंग्यांच्या अंगातील कॅन्थॅरिडीन या द्रव्यामुळे कातडीवर फोड येतात, म्हणून ते उघड्या हाताने चिरडू नयेत. मायलॅब्रिस प्रजातीच्या अळ्या मात्र जमिनीतील नाकतोड्यांची अंडी खातात, म्हणजे एकाच जातीचा प्रौढ अपायकारक व अळी उपकारक असते.

घरातील साठवणीत तूर, मूग व हरभरा यांच्या दाण्याला वाटोळे भोक पाडून बाहेर येणारा भुंगेरा व ज्वारीतील सोंडे हे गृहिणींच्या परिचयाचे आहेत. कडधान्याच्या दाण्यावर चिकटलेला पांढरा ठिपका म्हणजे पहिल्याचे अंडे होय.

फसविणारे प्रकार : काही जाती वरील नियमांना वरकरणी अपवाद वाटतात. (१) सोंड्याच्या डोक्याचा पुढचा भाग सोंडेसारखा लांबलेला असल्यामुळे ती ढेकणाची शुंडा वाटते. परंतु सोंड्याची सोंड डोक्याचाच भाग असून तिच्या टोकाशी बारीक जबडे व बाजूंना कोपरासारख्या वळलेल्या शृंगिका असतात. ढेकणाच्या शुंडेवर शृंगिका कधीही नसतात. (२) रत्न ढेकणांत पाठीवरील त्रिकोणी पट्ट वाढून सर्व उदर व पंख झाकते. एरंड वा मोगली एरंडावर बसलेला हिरवा-निळा झळाळणारा रत्न ढेकूण बहुतेकांना भुंगेरा वाटतो. त्याच्या पाठीवर मधली शिवण नसते, एकसंध ढाल असते. उताणा करताच शुंडा दिसते. (३) कडधान्यातील भुंगेऱ्याचे पंख आखूड असून उदराचे टोक उघडे राहते. तथापि आखूड पंखही मध्यरेषेवर सरळ भिडतात. (४) झुरळाचे पुढचे पंख चिवट असले, तरी ते एकमेकांवर चढलेले व शिरांचे असतात आणि तोंड कुरतडण्याचे असते. म्हणून ते दोन्ही गणांबाहेरचे होय. (५) खाटेतील ढेकणाला पंख नसतात. तो शुंडेवरून ओळखावा.

सर्वांत महत्त्वाची गल्लत पिठ्या ढेकूण व त्याला खाणारा भुंगेरा यांच्यात होते. क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझिएरी हा ढालकिड्याच्या कुलातील ऑस्ट्रेलियातील भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढऱ्या मेणचट धाग्यांनी झाकलेली असते व त्याच वसाहतीत फिरते. घाईने पाहणारा तिला सर्वांत मोठा पिठ्या ढेकूण समजतो. वस्तुतः तिची लांबी १ सेंमी.हून अधिक होते, धागे लांब व विस्कटलेले असतात, ती चपळपणे चालते आणि तिला जबडे असतात. पिठ्या ढेकूण बहुधा जागेवर चिकटून असतो. या अळ्या दिसत असताना बागेवर तीव्र कीटकनाशक फवारल्यास शत्रूच्या मेणचट आवरणाखालील काही वसाहती वाचतात व मित्र मात्र मरतो. नंतर उपद्रव पूर्वीपेक्षा वाढतो.

ढालकिड्यांच्या बाबतीतही असाच विवेक लागतो. सात ठिपक्यांचा ढालकिडा व पिवळ्या पाठीवर नागमोडी काळ्या रेषा असलेला ढालकिडा हे दोन्ही माव्याचे भक्षक आहेत. त्यांच्या काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या ओळखू न आल्यामुळे चिरडल्या जातात. उलट, वांगी व बटाटे यांच्या पानांवरील अठ्ठावीस ठिपक्यांचा हड्डा भुंगेरा त्याच कुलातील असूनही पाने खातो. त्याची पाठ निस्तेज व बारीक लवयुक्त, तर भक्षक ढालकिड्यांची पाठ गुळगुळीत व चकचकीत असते. पानाचा हिरवा थर खरवडून राहिलेली जाळी दिसली, तर तो हड्डा समजावा. माव्याच्या वसाहतीत असेल, तर भक्षक समजावा.

ओळख पटविण्याचा क्रम : किडा काचेच्या बाटलीत किंवा पारदर्शक पिशवीत धरावा, अपरिचित किडा उघड्या हातात घेऊ नये. दहा पट मोठे दाखविणारे भिंग पुरेसे होते. (१) प्रथम पाय मोजावेत. सहा पाय नसलेला प्रौढ प्राणी कीटक नव्हे. (२) पाठीवर सरळ शिवण, फुली, एकसंध ढाल की उतरते छप्पर, हे पाहावे. (३) बाटली उलटी करून खालून तोंड पाहावे : शुंडा की जबडे. दुसऱ्या व तिसऱ्या पायरीत विरोध आढळल्यास तोंडाचा पुरावा ग्राह्य धरावा. (४) जवळपास लहान पंखहीन पण तशीच पिल्ले आहेत की अळ्या आहेत, हे शोधावे. (५) शेवटी तो झाडावर नेमके काय करीत होता, याची नोंद करावी. झाडावर सापडलेला प्रत्येक किडा झाड खात असतोच असे नाही.

उदाहरणार्थ, पावसाळ्यात तलावाजवळच्या गावी दिव्याखाली दोन मोठे, चपटे, तपकिरी-काळे किडे पडले आहेत असे समजू. पहिल्याच्या पाठीवर सरळ शिवण असून तोंडाशी जबडे आहेत. तो पाणभुंगेरा ठरतो. दुसरा ६ ते ८ सेंमी. लांब असून त्याच्या पंखांची टोके एकमेकांवर चढली आहेत, पुढचे पाय पकडीसारखे आहेत व डोक्याखाली आखूड, बळकट शुंडा आहे. तो महाजलढेकूण होय. त्याचा दंश अतिशय वेदना देतो. दोघेही पाण्यातील असून दिव्याकडे आकर्षित झाले, एवढेच त्यांच्यातील साम्य. रंग व आकार यांवर विसंबणाऱ्यास ते एकाच जातीचे नर-मादी वाटले असते. कपाशीवर हिंडणाऱ्या तांबड्या-काळ्या ढेकणाची शुंडा आखूड, जाड व धनुष्यासारखी वाकलेली असेल, तर तो रस शोषणारा नसून इतर कीटकांची शिकार करणारा मारेकरी ढेकूण असतो. वनस्पतींवरील ढेकणांची शुंडा बारीक, सरळ व अंगालगत असते.

नमुना तज्ञाकडे पाठवावयाचा असल्यास तो चिरडू नये. मऊ अंगाचे कीटक व अळ्या ७० टक्के अल्कोहॉलात ठेवाव्यात. टणक कीटक सुकवून टाचणीवर लावतात. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखातून व ढेकणाला त्रिकोणी पट्टातून टोचतात, म्हणजे ओळखीची चिन्हे शाबूत राहतात. गाव, दिनांक, पीक, झाडाचा भाग व इजेचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. तिच्याविना नमुन्याचे मोल निम्मे होते. अल्कोहॉलात रंग फिके पडत असल्यामुळे जिवंतपणीचा रंगही लिहून ठेवावा. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे, तालुका कृषी कार्यालये व १९७२ मध्ये स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) येथे अशी ओळख करून घेता येते.

ओळखीचे महत्त्व : कीटकनाशकाची निवड तोंडाच्या प्रकाराशी निगडित आहे. पानाच्या पृष्ठभागावर राहून पोटात गेल्यावर काम करणारे जठरविष कुरतडणाऱ्या भुंगेऱ्याला मारते. परंतु ढेकणाची सुई तो थर भेदून खालचा रस घेत असल्यामुळे विष त्याच्या पोटात जात नाही. रस शोषणाऱ्यासाठी झाडाच्या रसात भिनणारे अंतरप्रवाही द्रव्य लागते. स्पर्शविष दोघांनाही मारते, पण भक्षक व परजीवी कीटकांनाही मारते. मुळे खाणाऱ्या हुमणीसाठी पानांवर केलेली फवारणी तर सर्वस्वी वाया जाते.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या सूक्ष्मजंतूचे जनुक असलेल्या बीटी कपाशीस भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातील विष बोंडअळ्यांवर, म्हणजे पतंगांच्या अळ्यांवर, परिणाम करते. ढेकूणवर्गीय कीटकांवर ते चालत नाही. बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्यावर तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण व तांबडे ढेकूण यांचे महत्त्व वाढले. ‘बियाण्यात औषध आहे, तरी कीड कशी’ या प्रश्नाचे उत्तर कीटकाच्या तोंडातच आहे. पुढे गुलाबी बोंडअळीत या विषाला प्रतिकारशक्ती निर्माण झाली, तो प्रश्न निराळा.

ओळख न पटविता केलेली फवारणी खर्च वाढविते, मित्रकीटक नाहीसे करते व फवारणाऱ्याच्या जिवासही धोका उत्पन्न करते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सु. वीस शेतकरी व शेतमजूर दगावले व शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अनेक द्रव्यांचे मिश्रण करून फवारणे, हे त्या वेळी पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. कोणती कीड आहे हे निश्चित नसले, म्हणजेच सर्व किडींवरची औषधे एकत्र करण्याचा मोह होतो. कोरडवाहू शेतीत, जेथे एका फवारणीचा खर्चही हंगामाचा हिशेब बिघडवू शकतो, तेथे किडा उताणा करून त्याचे तोंड पाहण्यास लागणारा क्षणभराचा वेळ हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. सापडलेला किडा मित्र निघाला, तर फवारणीची गरजच उरत नाही.